आठव्या दिवसाचा प्रश्न

खानदेशातल्या गावात ‘सप्ताह’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मंडप पडतो, वीणा उभी राहते आणि ती सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे काकडा, दिवसा पारायण, रात्री कीर्तन, शेवटी काला आणि महाप्रसाद. आठव्या दिवशी मंडप सुटतो, माणसं शेतात जातात. सप्ताहात घेतलेलं नाव पुढे वर्षभर तोंडी राहावं, अशी त्यामागची अपेक्षा असते. राहतं की नाही, हा ज्याचा त्याचा भाग.

शाळेतल्या सप्ताहाबद्दल मात्र आठव्या दिवसाचा प्रश्न ज्याच्या त्याच्यावर सोडून चालत नाही. कारण तिथे ज्यांच्यासाठी मंडप घातला जातो ती मुलं असतात, आणि मंडप कधी घालायचा नि कधी सोडायचा हे ती ठरवत नाहीत.

२०२४ च्या जुलैत देशभरातल्या शाळांमध्ये ‘शिक्षण सप्ताह’ झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलैला चार वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २२ ते २८ जुलै असे सात दिवस आखून दिले. सोमवार अध्ययन-अध्यापन साहित्याचा. मंगळवार पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचा. बुधवार खेळांचा, त्यातही देशी खेळांचा. गुरुवार संस्कृतीचा. शुक्रवार कौशल्यांचा आणि डिजिटल उपक्रमांचा. शनिवार पर्यावरणाचा, पोषणाचा, झाडं लावायचा. रविवार लोकसहभागाचा. मी मोलगी परिसरातल्या एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. आमच्याकडेही तो सप्ताह झाला आणि चांगला झाला. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते कोणत्याही उपक्रमाची खिल्ली उडवण्यासाठी नाही.

ज्यांनी मोलगी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर आलं की सातपुड्यात मोलगी लागतं. आजूबाजूच्या असंख्य पाड्यांचं हे बाजाराचं गाव. इथे कैरीच्या फोडी वाळवून केलेला आमचूर विकायला येतो, मोहाची फुलं येतात, भगर येते. पावसाळ्यात घाटात दरड पडली की आम्ही खालच्या जगापासून तुटतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी होते, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सगळ्यांत कमी. आमच्या पाड्यावर घरात भिलोरी बोलतात. पहिलीत येणारं मूल मराठी ऐकतं ते बहुधा पहिल्यांदा माझ्याच तोंडून.

*

बुधवारी आणि गुरुवारी पटावरची जवळजवळ सगळी मुलं आली. जुलै म्हणजे निंदणीचे दिवस. धाकट्या भावंडाला सांभाळायला, शेळ्यांमागे जायला मोठी मुलं घरी राहतात. त्या दोन दिवशी ती भावंडांना कडेवर घेऊन आली. चिखलात धावली, पडली, हसली. गुरुवारी ढोल आला. तालीम कोणी घेतली नव्हती, घ्यायची गरजच नव्हती. चौथीतली एक मुलगी, जी वर्गात विचारल्यावर फक्त जमिनीकडे बघते, ती साखळीच्या टोकाला उभी राहिली आणि गाण्याची ओळ तिने उचलली. बाकीच्या मुली तिच्यामागून गायल्या. कधी वळायचं, कधी थांबायचं, हे तीच ठरवत होती. मी आणि माझे सहकारी गुरुजी बाजूला उभे होतो. तिथे आम्हाला काही येत नव्हतं.

मग फोटो काढले. ते वर पाठवायचे होते. शाळेत रेंज नाही, म्हणून गुरुजी टेकडीवर चढले.

सोमवारी, २९ तारखेला, ती मुलगी पुन्हा तिसऱ्या ओळीत बसली. मी मराठीचं पुस्तक उघडलं, तिला उभं केलं, आणि तिने जमिनीकडे पाहिलं.

मुलगी तीच, शाळा तीच, तीच फरशी. गुरुवारी ती जाणती होती आणि सोमवारी ‘अप्रगत’. चार दिवसांत तिचं काही हरवलं नव्हतं. बदलली होती ती आमची मोजपट्टी. गुरुवारी ज्याला टाळ्या पडल्या त्याला सोमवारी गुण नव्हते. आणि सोमवारी ज्याला गुण होते त्यातलं काहीच गुरुवारी लागलं नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. ज्याला आपण मोजत नाही, त्याला टाळ्या वाजवणं योग्य आहे का?

*

मराठीत दोन शब्द आहेत, कौतुक आणि आदर. आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण त्यांची दिशा वेगळी आहे. कौतुक वरून खाली येतं. आजी नातवाचं कौतुक करते, साहेब शिपायाचं करतात. कौतुक करणाऱ्याचं त्यात काही बदलत नाही, आणि ते कधी थांबवायचं हेही त्याच्याच हाती असतं. आदरात मात्र मला थोडं बाजूला सरावं लागतं. ज्याचा मी आदर करते तो मला ‘हे असं नाही’ म्हणू शकतो, आणि मला ते ऐकावं लागतं.

त्या आठवड्यात असं एकदा झालं. गुरुवारसाठी मुलांना पारंपरिक वेशात उभं करावं, असं आमच्या शाळेत ठरत होतं. इथला सगळ्यांत देखणा वेश होळीचा. मोलगीजवळच्या काठी गावची राजवाडी होळी तुम्ही मोबाईलवर पाहिली असेल: डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, अंगावर पांढरी नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, रात्रभर ढोल, आणि पहाटे पेटणारी होळी. आम्ही पाड्यावरच्या एका आजोबांकडे तो साज मागायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि साज दिला नाही. म्हणाले, “होळीचं ते होळीला.”

एवढंच. चिडले नाहीत, भाषण दिलं नाही. पण त्या तीन शब्दांत एक पूर्ण विचार होता. तो साज अंगावर चढवणारा माणूस आधी नवस बोललेला असतो. काही दिवस पाळणी पाळतो: खाटेवर झोपायचं नाही, खाण्यापिण्याची बंधनं. वेश त्या पाळणीतून येतो. आषाढात, फलकासमोर, फोटोसाठी तो घातला तर कपडे येतील आणि पाळणी मागेच राहील. त्या आजोबांच्या लेखी ते संस्कृतीचं दर्शन नव्हतं, संस्कृतीचा नियम मोडणं होतं. मुलं रोजच्या कपड्यांत नाचली. फोटो तितके रंगीत आले नाहीत.

आजोबांच्या नकाराला मी त्या आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा मानते. एखाद्या समाजाचं ज्ञान म्हणजे नुसता ऐवज नसतो. ते कधी, कोणी, कशासाठी वापरायचं याचा अधिकारही त्यातच असतो. ऐवज घ्यायचा आणि अधिकार द्यायचा नाही, असं आपण केलं की कौतुक उरतं, आदर जातो. हे शाळेपुरतं नाही. काठीच्या होळीची रील पंधरा सेकंद बघून बदाम देणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच तो प्रश्न आहे. त्या नाचणाऱ्या माणसाने आपल्याला एखाद्या बाबतीत ‘नाही’ म्हटलं, तर आपण ऐकू का?

*

मंगळवार संख्याज्ञानाचा होता, त्याचीही एक गोष्ट आहे. तिसरीतला एक मुलगा आईबरोबर बाजारात आमचूर घेऊन बसतो. मोड कशी द्यायची, अडीच किलोचे किती झाले, व्यापाऱ्याने तोलताना किती कापले, हे तो तोंडी सांगतो. त्यालाच फळ्यावर हातच्याची वजाबाकी घातली की तो उजवीकडून सुरू करायचं की डावीकडून इथेच अडतो.

हे फक्त आमच्या मुलाचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. धंद्यावर विचारलेल्या ९८ टक्के प्रश्नांची उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा ३७ टक्के बरोबर आले. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच दाखवलं. आणि त्यात एक आणखी भर होती: शाळेत वजाबाकी-भागाकार नीट करणाऱ्या, पण बाजारात काम न केलेल्या मुलांना बाजारातला व्यवहार जमेना. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी आहे. फक्त ‘मागे पडलेला’ हा शब्द भिंतीच्या एकाच बाजूच्या मुलांसाठी वापरला जातो.

*

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग शाळेने मोहू, आमचूर, होळी हेच शिकवावं. मलाही ते बोलायला आवडलं असतं. पण रविवारी, लोकसहभागाच्या दिवशी, एका आईने हा मार्ग बंद केला. मुलांना पाड्यावरची कामं शाळेत दाखवायची का, अशी चर्चा चालली होती. ती भिलोरीत बोलली, आणि आमच्या चौथीतल्या मुलांनी मला मराठीत सांगितलं: “मोहू वेचायला मी शिकवीन. मला जे येत नाही, ते तुम्ही शिकवा.”

तिला काय येत नाही, हे तिला नेमकं ठाऊक आहे. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल वहीत लिहिलेली असते, आणि ती वही वाचता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा दाखल असतो. त्यावरचा शेरा वाचता येत नाही. दवाखान्यातली चिठ्ठी वाचता येत नाही. या आईला तिच्या लेकीची भाषा मंचावर आली की नाही याचं फारसं पडलेलं नाही. तिला लेकीच्या हातात वही हवी आहे, जी मुकादमाच्या वहीशी ताडून बघता येईल. जो शिक्षक ‘तुमची संस्कृतीच श्रेष्ठ’ म्हणून तिच्या मुलीला अक्षरापासून लांब ठेवेल, तो तिचा आदर करत नाही. तो तिला जिथल्या तिथे ठेवतो आहे.

मग प्रश्न उरतो तो असा: पाड्यापासून त्या वहीपर्यंत जे अंतर आहे, ते कोणी कापायचं?

आजच्या रीतीने ते सगळं अंतर सहा वर्षांचं मूल एकटं कापतं. घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून यायची, अनोळखी आवाजांतून अर्थ शोधायचा, त्याच आवाजांची अक्षरं ओळखायची, आणि हे सगळं शहरातलं मूल ज्या वयात करतं त्याच वयात पूर्ण करायचं. कायद्याला हे दिसत नाही असं नाही. १९५६ मध्ये राज्यघटनेत आलेलं कलम ३५० क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यांना प्रयत्न करायला सांगतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. ज्या धोरणाचा वाढदिवस म्हणून हा सप्ताह झाला, त्यातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे, तोही ‘शक्य असेल तिथे’ या अटीसह.

‘शक्यतो’ हा शब्द मला फार विचारात पाडतो. त्यात खोटं काही नाही. सातपुड्यात एक भाषा नाही. इकडे भिलोरी, धडगावकडे पावरी, आणि त्यांतही एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात शब्द बदलतात. पुस्तकं किती भाषांत छापणार, शिक्षक कुठून आणणार, बदल्यांचं काय करणार? अडचणी खऱ्या आहेत. पण अडचण खरी असली तरी तिचं ओझं कोणाच्या पाठीवर टाकायचं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो नैतिक आहे. शासनाला शक्य नसेल, मला शक्य नसेल, तर ते ओझं कुठे जातं? ते पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर जातं. त्याला मात्र कोणी ‘शक्यतो’ म्हणत नाही. त्याला जमलंच पाहिजे, नाहीतर तो अप्रगत.

माझं उत्तर साधं आहे. दोन माणसांमध्ये अंतर असेल, तर ज्याच्या पायांत जास्त बळ आहे त्याने जास्त चालावं. माझ्याकडे पदविका आहे, पगार आहे, फोन आहे, चाळीस वर्षांची समज आहे. त्या मुलाकडे सहा वर्षं आहेत.

हे काही नवं नाही. आपल्याकडे हे करून झालेलं आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत अशी मागणी होती, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील. त्यांनी ‘शक्यतो’ शिक्षकाच्या बाजूला लावला होता, मुलाच्या नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा त्यांनी मुलांना हजेरीसाठी बोलावण्याऐवजी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. नर्मदेच्या काठी, आमच्याच अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा चालवल्या. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. धरणाच्या बुडितात गावं चालली असताना त्यांनी मुलांच्या बोलीतून शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून मराठीकडे नेलं. या तिन्ही ठिकाणी मोठ्यांनी आधी पाऊल उचललं. मुलांना मंचावर बोलावण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात मोठ्यांना अनाडी व्हावं लागतं.

*

अनाडी होणं म्हणजे काय, हे मला थोडं ठाऊक आहे. माझ्या घरी अहिराणी बोलतात. मी लहानपणी ज्या शाळेत होते तिथे ‘कथा जाई राह्यनी?’ असं तोंडून निघालं की वर्ग हसायचा. स्नेहसंमेलनात मात्र अहिराणी गाणी हमखास बसवली जात आणि त्याच वर्गाला ती पाठ असत. मी प्रमाण मराठी शिकले, नोकरी मिळाली, आणि त्या मराठीची मी आभारी आहे. पण भाषा मंचावर चालते आणि वर्गात चालत नाही, याचा अर्थ मुलं बरोबर ओळखतात. मोठ्यांच्या लेखी आपलं घर गमतीचं आहे, असं ते समजून घेतात. मग ती घराबद्दल गप्प होतात. चौथीतली ती मुलगी जमिनीकडे बघते, ती उत्तर येत नाही म्हणूनच असं मला वाटत नाही.

म्हणून आठव्या दिवसापासून आम्ही फार छोटं काही सुरू केलं. शाळेत एक लांब वही आहे. मुलं भिलोरी शब्द सांगतात, मी तो देवनागरीत लिहून वाचून दाखवते, आणि मुलं माझा उच्चार तपासतात. पहिला शब्द ‘याहा’ होता, म्हणजे आई. पहिलीतली मुलं ‘आ’ शिकण्याआधी ‘या’ शिकली, कारण तो आवाज त्यांच्या घरातला होता. माझा उच्चार चुकला की ती मला पुन्हा म्हणायला लावतात, कधी पाच-पाच वेळा. या कामात ती मुलगी कडक आहे. दुसऱ्या पानावर बाजाराचे हिशेब आहेत: आधी तोंडी, मग त्याच हिशेबाची फळ्यावरची मांडणी. मुकादमाची वही कशी आखलेली असते, तेही आम्ही पाहिलं.

यातून सगळं बदललं असं मी सांगणार नाही. मूल्यमापनाचा कागद तोच आहे, त्यात या वहीला रकाना नाही. माझी बदली झाली तर वही कपाटात राहील, आणि पुढची बाई ती उघडेल की नाही हे मला सांगता येत नाही. दिवाळीनंतर काही मुलं घरच्यांबरोबर उसाच्या फडावर जातील, आणि परत येईपर्यंत शिकलेलं बरंचसं पुसलेलं असेल. एका शिक्षिकेच्या भल्या वागण्याने भरून निघावं इतकं हे अंतर लहान नाही. त्यासाठी पुस्तकं लागतात, बोली जाणणारे शिक्षक लागतात, पैसा लागतो. ते मागायलाच हवेत, आणि मागताना ‘शक्यतो’ ऐकून परत यायचं नाही.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाला आपापल्या शाळेबद्दल तपासून पाहता येईल. तुमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला कोणाची भाषा, कोणाचे कपडे, कोणाची गाणी होती? आणि उत्तरपत्रिकेत कोणाची होती? या दोन याद्या जिथे वेगळ्या निघतील, तिथे कोणीतरी टाळ्या घेऊन घरी गेलेलं असेल आणि नापासही झालेलं असेल.

त्या आईने मागच्या आठवड्यात विचारलं, लेक वाचते का. मी खरं ते सांगितलं: अडखळत वाचते, पण जमिनीकडे न बघता वाचते. ती म्हणाली, उसाच्या हंगामाआधी नीट वाचायला हवी. दिवाळीला आता फार दिवस राहिलेले नाहीत.